ट्रेलरच्या हिच बॉलला ग्रीस लावायचं की तो कोरडा ठेवायचा?

डांबरी_सडक (धागाकर्ता)

हिच बॉल, म्हणजे गाडीच्या मागचा, ट्रेलर अडकवायचा गोळा. त्याला ग्रीस लावण्याबद्दल दोन अगदी उलट सल्ले मिळतात. एक गट म्हणतो, लोखंडावर लोखंड घासतंय, वर ट्रेलरचा भार आहे, ग्रीस हवंच. दुसरा गट म्हणतो, ग्रीसला धूळ आणि वाळू चिकटते, झीज उलट वाढते. शिवाय बॉल कोरडा असला की ट्रेलर कमी डोलतो.

मांडणी साधी आहे. २ इंचाचा क्रोमचा बॉल, लॅचचा कपलर (ट्रेलरच्या नाकाशी असलेली, बॉलवर बसून खटक्याने अडकणारी पकड), एका आसाचा मालवाहू ट्रेलर, भरून साधारण ९०० किलो, ट्रेलरला ब्रेक नाहीत. वळताना कपलरमधून करकर आवाज येतो. बॉलच्या डोक्यावरचं क्रोम एका जागी उडालंय आणि आजूबाजूला तांबूस भुकटी दिसते. ग्रीस लावायचं तर कोणतं, किती आणि कधी कधी? आणि न लावण्याची कारणं खरंच टिकणारी आहेत का?

नटबोल्ट

आधी एक गोष्ट बघून सांगा, म्हणजे निम्मी चर्चा वाचेल. ट्रेलर सोडवा आणि कपलरच्या आत खालून टॉर्च मारा. बॉल बसतो ती वाटी नुसत्या लोखंडाची आहे, की आत घर्षणाचे पॅड बसवलेले दिसतात? पॅड असतील तर ग्रीसचं नाव काढू नका. नसतील तर पुढे बोलू.

डांबरी_सडक

नुसतं लोखंड आहे. मागच्या बाजूला एक जीभ आहे, लॅच दाबला की ती बॉलच्या खालच्या अंगाला येऊन बसते. पॅड नाहीत.

सांडशी

मग लावा. पातळ थर, आणि दर वेळी जुनं पुसून. भार कुठे येतो हे लक्षात आलं की किती आणि कुठे याचं उत्तर आपोआप मिळतं.

बॉलवर तीन ठिकाणी जोर पडतो. डोक्यावर ट्रेलरच्या नाकाचा उभा भार असतो. तुमच्या जातीच्या ट्रेलरला तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात, म्हणजे तुमच्याकडे ९० ते १३५ किलो. गाडी ओढते तेव्हा बॉलची पुढची बाजू वाटीच्या पुढच्या भिंतीवर दाबली जाते. गाडी ब्रेक लावते तेव्हा ट्रेलर मागून ढकलतो आणि बॉलची मागची बाजू त्या जिभेवर आणि वाटीच्या मागच्या भागावर येते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद अशा जरा जोरदार मंदनाला ९०० किलोचा ट्रेलर सुमारे २७०० न्यूटनने ढकलतो. म्हणून झीज सगळीकडे सारखी नसते. डोकं, पुढचं पोट आणि मागचं पोट झिजतं; डावी-उजवी बाजू बहुतेक शाबूत राहते.

वाटी बॉलपेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे हा सगळा जोर बॉलभर पसरत नाही. तो लहानशा डागावर एकवटतो. तिथला दाब इतका असतो की साधं तेल पिळून बाहेर निघून जातं आणि धातू धातूला भिडतो.

आता तांबूस भुकटी. ती पावसाने आलेला साधा गंज असेलच असं नाही. सरळ रस्त्यावरसुद्धा बॉल आणि वाटी यांच्यात मिलिमीटरच्या काही भागाएवढी हालचाल सतत चालू असते. धातूची टोकं तुटतात, हवेत लगेच त्यांचा ऑक्साइड होतो, आणि तो ऑक्साइड खालच्या धातूपेक्षा कठीण असतो. मग तीच भुकटी पुढची झीज करते. कोरड्या बॉलवर हे चक्र कुणी बाहेरून वाळू टाकली नाही तरी चालू राहतं. ग्रीस दोन कामं करतं: धातू वेगळे ठेवतं आणि हवा-पाणी आत पोचू देत नाही.

माळरान

असहमत. निदान सरसकट तरी नाही.

खडी आणि मुरमाच्या रस्त्यावर चालणारा ट्रेलर घ्या. मागच्या चाकांनी उडवलेली धूळ नेमकी हिचवर येते. वाळूतलं क्वार्ट्‌झ बॉलच्या पोलादापेक्षा कठीण असतं. ग्रीसचा थर काही मायक्रॉनचा आणि वाळूचा कण त्याच्या अनेक पट मोठा. तो कण थरात तरंगत नाही, दोन्ही बाजूंना रुततो. सहाणेवर गंध उगाळावं तसं बॉल आणि वाटी एकमेकांना उगाळत बसतात. कोरड्या बॉलवरची धूळ निदान झडून तरी जाते.

दुसरं, उघड्या बॉलवरचं ग्रीस पायाला, पँटला, डिकीतल्या सामानाला लागतं. ही किरकोळ तक्रार वाटेल, पण याच कारणाने लोक ग्रीस लावायचं टाळतात आणि मग महिनोन्‌महिने तोच काळा लगदा तिथे राहतो. अर्धवट निगा राखलेल्या ग्रीसपेक्षा स्वच्छ कोरडा बॉल बरा.

तिसरं, कोरड्या बॉलच्या घर्षणाने ट्रेलरच्या डोलण्याला थोडा तरी आवर बसतो. ते फुकट मिळणारं घर्षण घालवायचं कशाला?

सांडशी

तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो हिशेबात टिकत नाही.

नाकाचा भार ९० किलो धरा, म्हणजे साधारण ९०० न्यूटन. तो डोक्याभोवतीच्या भागावर बसतो. सरासरी त्रिज्या २० मिलिमीटर धरू. कोरड्या पोलादाचा घर्षणांक ०.५ धरला तर वळण्याला होणारा विरोध ९०० × ०.५ × ०.०२ = ९ न्यूटन-मीटर. ग्रीस लावून घर्षणांक ०.१ झाला तर तो २ न्यूटन-मीटरच्या आत येतो. म्हणजे ग्रीसमुळे गेले ७ न्यूटन-मीटर.

ट्रेलरचा आस हिचपासून ३ मीटर मागे आहे असं समजा. ९ न्यूटन-मीटरला ३ मीटरने भागा. आसापाशी आडवा आवर ३ न्यूटन, म्हणजे जेमतेम ३०० ग्रॅम. ओढण्याच्या जोराने येणारं घर्षण धरून हा आकडा तिप्पट करा, तरी किलोभर होतो. ९०० किलोचा ट्रेलर डोलायला लागला की त्याच्यापुढे हे काहीच नाही.

डोलणं थांबवायचं तर नाकाचा भार पुरेसा ठेवा, जड सामान आसाच्या मागे टाकू नका, टायरची हवा बघा, वेग कमी करा. बॉल कोरडा ठेवून यातलं एकही काम होत नाही.

वाळूचा मुद्दा मात्र मान्य. त्यावर उपाय आहे, खाली कुणी लिहिलं नाही तर लिहितो.

गोफण

पॅडच्या कपलरबद्दल वर एका ओळीत आटोपलंय. तिथे चूक महागात पडते, म्हणून सविस्तर.

आल्को एकेएस आणि विंटरहॉफ डब्ल्यूएस ३००० यांसारख्या कपलरमध्ये बॉलला दोन्ही बाजूंनी पकडणारे घर्षणाचे पॅड असतात. हँडल दाबलं की स्प्रिंगच्या जोराने पॅड बॉलवर आवळले जातात. हा जोर नाकाच्या भाराच्या कित्येक पट असतो, आणि पॅडचं द्रव्य ब्रेकसारखं असतं. म्हणून सांडशी यांचा हिशेब तिथे लागू नाही. हे कपलर खरोखर डोलणं आवरतात, आणि तेवढ्याचसाठी ते घेतलेले असतात. त्यावर ग्रीस म्हणजे ब्रेकच्या डिस्कवर ग्रीस.

अशा कपलरसाठी बॉल असा तयार करतात:

१. बॉलवर रंग किंवा पावडर कोटिंग असेल तर ते पूर्ण काढायचं. नवा बॉल बऱ्याचदा रंगवलेलाच येतो. २०० ते २४० नंबरचा सँडपेपर बॉलभोवती फिरवत खालच्या मानेपर्यंत लख्ख धातू दिसू द्या. रंग राहिला तर तो पॅडवर चढतो आणि पॅड गुळगुळीत होतात.

२. ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा. कापड पांढरं असू द्या, म्हणजे काळं निघायचं कधी थांबलं ते कळतं. मानेच्या खोबणीत जुनं ग्रीस लपतं, तिथेही फिरवा.

३. पॅड तपासा. वरवर चमक आली असेल तर त्याच सँडपेपरने हलकेच घासून क्लीनरच्या कापडाने पुसा. ग्रीस आत मुरलं असेल तर ते निघत नाही; चालायला लागलं आणि पॅड तापले की पुन्हा बाहेर येतं. तसे पॅड बदलावेच लागतात.

४. कपलरवर झिजेचा निर्देशक असतो, तो हिरव्यात आहे का बघा. पॅड झिजले की बॉल झिजला, यातलं काय ते त्यावरून लगेच कळत नाही. बॉल मोजून ठरवा.

मोजायचं कसं: या कपलरना ५० मिलिमीटरचा बॉल लागतो. नवा बॉल ४९.६१ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यान असतो. व्हर्नियरने पुढून-मागे असा व्यास घ्या, कारण झीज तिकडे असते. नुसता डावीकडून उजवीकडे मोजाल तर फसाल. ४९ पर्यंत उतरला की बॉल बाद. पॅडचा कपलर असेल तर त्याच्या पुस्तिकेत याहून कडक मर्यादा असू शकते, ती पाळा.

पॅडचा कपलर कमी वेगात वळताना कुरकुरतो. तो आवाज ऐकून लोक ग्रीसचा डबा शोधतात. पुसा, सँडपेपर मारा. बहुतेक वेळा रंगाचे किंवा गंजाचे अवशेष असतात. थोडा आवाज राहिला तर तो घर्षण काम करतंय म्हणून.

इंगळी

@गोफण, एकच गाडी कधी साधा ट्रेलर ओढते, कधी पॅडच्या कपलरचा. तेव्हा काय करायचं?

गोफण

दोन रस्ते. साध्या ट्रेलरच्या वेळीही ग्रीस लावायचं नाही आणि बॉल जरा लवकर झिजेल हे धरून चालायचं. किंवा बॉल सोडून निघणारा असेल तर दोन बॉल ठेवायचे, एक ग्रीसचा, एक कोरडा, आणि खुणेसाठी कोरड्याच्या दांड्याला रंगाची पट्टी. दर वेळी ग्रीस पूर्ण पुसू हा संकल्प ऐनवेळी, अंधारात, पावसात टिकत नाही. आणखी एक: उधार घेतलेल्या गाडीचा बॉल असेल तर तो ग्रीसचा आहे असं समजूनच आधी पुसा.

पाना_१७

मूळ प्रश्नाकडे. लॅचचा साधा कपलर, कोणतं ग्रीस?

लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ घट्टपणाचं, जास्त दाब सोसणारं, म्हणजे डब्यावर ‘ईपी’ लिहिलेलं. चाकाच्या बेअरिंगसाठी असलेलं चालतं. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड असेल तर उत्तम. ते काळपट दिसतं. दाबाने ग्रीस पिळून गेलं तरी मॉलिब्डेनमचे पापुद्रे धातूवर चिकटून राहतात, आणि इथे अडचण नेमकी तीच आहे. बोटीचा ट्रेलर पाण्यात उतरत असेल तर कॅल्शियम सल्फोनेटचं किंवा बोटींसाठीचं ग्रीस घ्या, ते पाण्याने धुऊन जात नाही.

काय नको: इंजिन ऑइल टिकत नाही. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला आणि जुना लगदा धुवायला ठीक, पण या दाबाखाली त्याचा थर उरत नाही. पेट्रोलियम जेली उन्हात वितळून ओघळते. तांब्याची पेस्ट जोडणी अडकू नये म्हणून असते, सतत सरकणाऱ्या भागासाठी नाही. आणि जुन्यावर नवं चढवू नका. पॉलियुरियाचं ग्रीस लिथियमच्या ग्रीसमध्ये मिसळलं तर बरेचदा मिश्रण पातळ होऊन वाहतं. कोणतं कशात मिसळलंय हे शोधत बसण्यापेक्षा पुसून टाकणं सोपं.

किती: २ इंचाच्या बॉलला २ ते ३ ग्रॅम. करंगळीच्या टोकावर मावतं तेवढं. पसरल्यावर खालच्या धातूची झाक दिसली पाहिजे. पांढरट किंवा काळा गोळा दिसत असेल तर जास्त झालं.

कसं: बॉल आणि वाटी दोन्ही सुक्या कापडाने पुसा, मग क्लीनरच्या कापडाने. बोट फिरवून बघा, खरखर लागली तर पुन्हा पुसा. डोकं, पुढचं आणि मागचं पोट यांवर ग्रीस चोळा. मध्यरेषेच्या किंचित खालीही, कारण जीभ तिथे लागते. वाटीत वेगळं भरायचं नाही. ट्रेलर जोडा, रिकाम्या जागेत दोन्ही बाजूंना एकेक पूर्ण वळण घ्या, थांबा, आणि कपलरच्या कडेने बाहेर आलेली रेघ पुसून टाका.

ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात.

सांडशी

आणि माळरान यांच्या वाळूवर उपाय तोच आहे. ट्रेलर जोडलेला असताना बॉलच्या डोक्यावर वाळू सहज पोचत नाही. वाटी ते झाकून बसते. वाळू येते तीन वाटांनी: कडेला राहिलेल्या जादा ग्रीसवर चिकटून, खालच्या उघड्या बाजूने, आणि मुख्य म्हणजे ट्रेलर सोडल्यावर उघड्या पडलेल्या बॉलवर. जादा ग्रीस पुसलं, सोडल्यावर बॉलवर टोपी घातली, आणि जोडण्याआधी पुसून नवं लावलं, तर कण आत जायला फारसा मार्ग राहत नाही.

रबराची किंवा प्लास्टिकची टोपी मिळते. चिरलेला टेनिसचा चेंडू हाही जुना आणि चालणारा उपाय. कपलरचं तोंडही झाका, ते सगळे विसरतात. रिकाम्या ट्रेलरच्या वाटीत उडालेली माती, पानं, कधीकधी गांधीलमाशीचं घर सापडतं.

माळरान

हिशेब बघितला, डोलण्याचा मुद्दा मागे. मात्र रोज मुरमावर चालणाऱ्या ट्रेलरसाठी ग्रीसपेक्षा कोरडा थर देणारा स्प्रे, मॉलिब्डेनमचा किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा), बरा हे मत कायम. बॉल क्लीनरने पुसायचा, फवारायचा, डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्यायचा. ओला असताना जोडला तर सगळा पहिल्याच वळणाला खरवडून निघतो. वाळल्यावर बोटाला डाग लागत नाही आणि धूळ चिकटत नाही.

पाना_१७

मुरमासाठी मान्य, एका अटीवर: तो थर फार पातळ असतो आणि जड नाकाखाली लवकर जातो. चमकदार धातू उघडा पडला की पुन्हा पुसून फवारायचा. ग्रॅफाइटचा स्प्रे मात्र दमट हवेत टाळा. ग्रॅफाइट आणि लोखंड यांच्यामध्ये ओल आली की लोखंड अधिक गंजतं. गंजापासून बचाव हवा असेल तर ग्रीसला तोड नाही.

हातोडी

करकर आवाज ग्रीसने जाईल. पण सुटताना-थांबताना ‘ठक्क’ असा आवाज येत असेल तर ते वेगळं दुखणं आहे आणि ग्रीसने ते झाकलं जाईल, बरं होणार नाही.

ठक्क म्हणजे बॉल आणि वाटीत मोकळीक. कारणं तीन.

पहिलं, माप चुकलंय. बॉलवर आणि कपलरवर माप छापलेलं असतं, दोन्ही वाचा. १ ७/८ इंच म्हणजे ४७.६ मिलिमीटर, २ इंच म्हणजे ५०.८, २ ५/१६ इंच म्हणजे ५८.७. शिवाय ५० मिलिमीटरचा बॉल वेगळा. ५० आणि ५०.८ नजरेला सारखेच दिसतात. ५०.८ चा बॉल ५० च्या कपलरमध्ये अडकतो किंवा लॅच पूर्ण बसत नाही; ५० चा बॉल ५०.८ च्या कपलरमध्ये खुळखुळतो. १ ७/८ चा बॉल २ इंची कपलरमध्ये लॅच लावूनही खड्ड्यात उडून निसटू शकतो. तिथे जीवाशी गाठ आहे. बॉलवर भारक्षमताही छापलेली असते. तीही ट्रेलरच्या पूर्ण वजनापेक्षा कमी असता कामा नये.

दुसरं, जीभ सैल आहे. बऱ्याच लॅचच्या कपलरमध्ये खालून एक नट असतो. कपलर बॉलवर बसवा, लॅच बंद करा, नट जिभेची मोकळीक जाईपर्यंत आवळा, मग लॅच उघडून पुन्हा बंद करून बघा. हाताच्या जोराने बंद झाला पाहिजे. लॅचवर पाय द्यावा लागत असेल तर नट थोडा सैल करा.

तिसरं, झीज. बॉल पुढून-मागे मोजा. नवा बॉल बसवूनही खुळखुळ राहिली तर वाटी गेली, कपलर बदला. वाटीत वेल्डिंगने भर घालून वापरायचा विचार मनातही आणू नका.

ग्रीस भरभरून लावल्याचा आणखी एक तोटा इथेच येतो. जिभेच्या वाटेत वाळलेला लगदा साचला की जीभ पूर्ण आत येत नाही, पण लॅच वरून बंद झाल्यासारखा दिसतो. म्हणून लॅचची पिन घातल्यावर जॅकने ट्रेलरचं नाक वर उचला. गाडीचा मागचा भाग दोन-तीन सेंटिमीटर वर आला पाहिजे आणि कपलर जागचा हलता कामा नये. नाक सुटून वर आलं तर ते इथेच कळलेलं बरं. मग जॅक पूर्ण वर घ्या आणि सुरक्षेच्या साखळ्या नाकाखालून फुलीसारख्या लावा.

लॅचच्या खिळीला बॉलचं जाड ग्रीस नको. पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात.

नटबोल्ट

हातोडी यांना +१. एक भर: कोरडा बॉल करकरतो तेव्हा प्रत्येक वळणाला तो स्वतःच्या दांड्याभोवती पिळला जातो. एकदा नट ढिला पडला की ही उलटसुलट पिळण त्याला सोडवत नेते. म्हणून बॉलच्या नटचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, बघाच. सर्वसाधारण आकडे: ३/४ इंचाच्या दांड्याला सुमारे २१७ न्यूटन-मीटर, १ इंचाला ३३९, १ १/४ इंचाला ६१०. बॉलसोबतच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर ते धरा.

हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. बॉलला ग्रीस लावताना आट्यांनाही फासलं तर तेवढ्याच टॉर्कला दांड्यावर बराच जास्त ताण येतो. बॉल वर ग्रीसचा, खाली कोरडा. दांड्याचं भोकही दांड्यापेक्षा १/१६ इंचाहून जास्त मोठं नको, आणि स्प्रिंग वॉशर नटाच्या बाजूला.

अवांतर: साधा १२ इंची पाना आणि ‘पुरेसा जोर’ यांत ३३९ न्यूटन-मीटर होत नाही. लांब टॉर्क रेंच मागून आणा.

इंगळी

आणखी एक शंका. ओव्हररन ब्रेकच्या, म्हणजे ट्रेलरने गाडीला मागून ढकललं की आपोआप लागणाऱ्या ब्रेकच्या, ट्रेलरला कपलरच्या मागे ग्रीसचे निपल (ग्रीस भरायची तोंडं) असतात. तिथे पंप मारला की बॉललाही ग्रीस मिळतं का?

गोफण

नाही. ते निपल मागेपुढे सरकणाऱ्या दांड्याच्या बुशसाठी आहेत, बॉलशी संबंध नाही. निपल पुसा, पंपाचे दोन-तीन झटके द्या, रबरी बेलोजच्या आत ताजं ग्रीस आलं की थांबा. हा दांडा कोरडा पडला तर ट्रेलरचे ब्रेक झटक्याने लागतात आणि त्याचाही ठक्क आवाज येतो. हातोडी यांच्या तीन कारणांत हे चौथं धरा. पॅडचा कपलर असेल तरी हे निपल भरायचेच, फक्त पुढे ओघळलेलं ग्रीस पॅडपर्यंत जाऊ देऊ नका.

सांडशी

मोठ्या जोडण्यांबद्दल थोडक्यात, कारण कुणीतरी विचारेलच.

गूसनेकचा, म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसणारा, बॉल २ ५/१६ किंवा ३ इंचाचा, आणि त्यावर येणारा उभा भार कितीतरी जास्त. तिथे ग्रीस लावाच. फिफ्थ व्हील म्हणजे बॉलऐवजी ट्रेलरखालचा खुंटा (किंगपिन) पकडणारी जोडणी; तिच्या प्लेटवर प्लास्टिकची चकती असेल तर प्लेटला ग्रीस नको, चकतीच ते काम करते. चकती नसेल तर प्लेटला ग्रीस लागतं. दोन्ही प्रकारांत किंगपिन पकडणाऱ्या जबड्याला पातळ थर द्या.

नाकाचा भार स्प्रिंग बारने इतर चाकांवर वाटून देणाऱ्या हिचमध्ये बॉलला ग्रीस चालतं, स्प्रिंग बार बसतात त्या सॉकेटलाही लागतं. पण डोलणं आवरणारा घर्षणाचा वेगळा बार असेल तर त्याच्या पट्ट्यांवर तेलाचा एक थेंबही नको. बॉलला लावताना हात तिकडे जातो, जपा.

डांबरी_सडक

सगळं तपासलं. ठक्क आवाज नाही, मापं जुळतात, जीभ नीट बसते. बॉल पुढून-मागे ५०.२, डावीकडून-उजवीकडे ५०.८. उडालेल्या क्रोमच्या कडेला नख अडकतं. सँडपेपर मारून ग्रीस लावून चालवू का?

हातोडी

नको. ०.६ मिलिमीटरची झीज एवढ्यापुरती चालवून घेता आली असती, पण नख अडकतंय म्हणजे क्रोम पापुद्र्यांनी उठतंय. क्रोम वाटीच्या लोखंडापेक्षा खूप कठीण. सुटलेला प्रत्येक पापुद्रा ग्रीसमध्ये मिसळून वाटी खरवडणार. बॉल बदला. आणि जुना काढल्यावर वाटीच्या आत बोट फिरवून बघा. क्रोमचे तुकडे लोखंडात रुतलेले असतात, चमचमताना दिसतात. तारेच्या ब्रशने काढा, पुसा, खोल ओरखडे असतील तर बारीक सँडपेपर. नाहीतर नव्या बॉलचं क्रोमही तसंच जाईल.

पाना_१७

नवा घेताना क्रोमशिवायचा, नुसत्या पोलादाचा बॉल मिळाला तर तो घ्या. ग्रीस लावणारच असाल तर क्रोमचा फायदा फक्त दिसण्यापुरता. स्टेनलेसचा गंजत नाही, पण कोरडा चालवला तर लोखंडी वाटीत चावा घेऊन धातू उपटतो. त्याला तर ग्रीस हवंच.

डांबरी_सडक

ठीक. १ इंची दांड्याचा साध्या पोलादाचा बॉल, ३३९ चा टॉर्क, आटे कोरडे, मॉलिब्डेनमचं ग्रीस. किती दिवसांनी लावायचं हे तेवढं राहिलं.

पाना_१७

दिवस मोजू नका. दर वेळी जोडताना कपडा फिरवा. कपड्यावर काळं, मऊ ग्रीस आलं आणि खरखर नसेल तर करंगळीएवढं नवं लावून निघा. तांबूस रंग किंवा खरखर आली तर क्लीनरने पूर्ण पुसून पुन्हा. पाण्यात उतरल्यावर किंवा मुरमाच्या लांब रस्त्यानंतर न बघता पूर्ण पुसायचं. ट्रेलर महिनोन्‌महिने जोडलेलाच राहत असेल तरी अधूनमधून सोडून बघा, नाहीतर आतलं ग्रीस वाळून गेलेलं कळतच नाही.

नटबोल्ट

आणि नव्या बॉलचा नट पहिल्या भरलेल्या फेरीनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. नट आणि दांड्यावर रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय.